हयातीचा दाखला

चिवड्याच्या डब्यात कढीपत्ता तेवढा उरला, की आमच्या घरी बाबांची खरी दिवाळी सुरू होते. नोव्हेंबर लागतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी आपण अजून आहोत, असं सरकारला कळवण्याचा हा महिना. बाकीचे अकरा महिने सरकारला त्यांच्या असण्या-नसण्याशी काही घेणं नसतं, पण नोव्हेंबरात ते जातीने चौकशी करतं. अशा चौकशीचा मान ठेवावा, असं बाबांचं मत आहे.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. आदल्या संध्याकाळी ते दाढी करतात. सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट निघतो. खिशाला एक पेन लागतं, जे वर्षभर कपाटात असतं, कारण ते ‘सहीचं’ आहे. चपलांऐवजी बूट. आईने एकदा विचारलं, “बँकेत चालले का पोरगी पाहाले?” बाबा आरशातून हटले नाहीत. म्हणाले, “जित्तं दिसावं लागते.”

बँक दहाला उघडते. बाबा सव्वानऊला पायरीवर हजर. तरी त्यांचा नंबर सहावा-सातवा, कारण निवृत्त पोस्टमास्तर साडेआठलाच येऊन बसलेले असतात. मग एकेक जमू लागतात. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले ‘ऑर्डनन्सवाले’ भाऊसाहेब. तलाठीसाहेब, ज्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी लोक त्यांच्याजवळ सातबारा हा शब्द जपून उच्चारतात. मोहाडीच्या शाळेतल्या बाई, ज्या रांगेत उभ्या राहत नाहीत. रांग त्यांच्यामागे उभी राहते. काही तर वर्षातून एकदाच दिसणारे चेहरे. बाबांच्या अंगात जुना वर्गशिक्षक संचारतो आणि ते न सांगता हजेरी घेऊ लागतात.

“मागच्या साली इथं खांबाले टेकून उभे होते, ते तुमसरवाले?”

“गेले ना गा. फाल्गुनात.”

“अरे रे. मग यंदाचा त्यांचा दाखला?”

“तो आता वरूनच येईल.”

हसतात. मग दोन मिनिटं कोणी बोलत नाही. मग गुडघ्यांवर येतात. आत काउंटरवर नावांची यादी असते, आपल्या नावासमोर सही करायची. काम अर्ध्या मिनिटाचं. बाबा त्या यादीला दहा मिनिटं देतात. वरची नावं वाचतात, खालची वाचतात, कोणाच्या समोर अजून सही नाही ते मनात टिपून घेतात. मागून येणारा घाई करू लागला, तर चष्मा पुसतात. घरी यायला त्यांना दीड वाजतो. पुढचे आठ दिवस जेवताना तोंडी लावायला तीच यादी.

हे सगळं व्यवस्थित चालू होतं. मग मी सुधारणा केली.

मागच्या नोव्हेंबरात बाबांना सर्दी झाली होती. मी म्हटलं, कशाला रांगेत उभं राहायचं? ‘जीवन प्रमाण’ म्हणून सोय आहे, केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केलेली. आधार क्रमांक आणि अंगठा दिला, की माणूस घरबसल्या जिवंत ठरतो. चौकातल्या सेवा केंद्रातला मुलगा यंत्र घेऊन घरी आला. पण बाबांचा अंगठा उमटेना. वर्षानुवर्षं खडू धरलेला आणि दर पावसाळ्यात बांधीच्या चिखलात रुतलेला तो अंगठा. त्यावरच्या रेषा शाळेने निम्म्या नेल्या आणि धानाने निम्म्या. मुलाने अंगठा पुसला, तेल लावलं, तेल पुसलं. यंत्र म्हणे, असा माणूस नाही.

“चेहऱ्याने होते जी,” मुलगा म्हणाला. “फोनकडे पाहा आन् डोळे मिचकवा.”

बाबा शहात्तर वर्षांचे. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला डोळा मारल्याची नोंद नाही. पहिल्यांदा त्यांनी दोन्ही डोळे असे घट्ट मिटले, की प्रार्थना सुरू होणार असं वाटलं. फोनला पटलं नाही. दुसऱ्यांदा ते पापणी न लववता एकटक बघत राहिले, परीक्षेत कॉपी करणाऱ्याकडे बघावं तसे. तिसऱ्यांदा एकच डोळा मिचकावला, आणि नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन दारात आली.

“हे कधी शिकले?” आई म्हणाली.

चौथ्यांदा जमलं. हिरवी खूण आली. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातली पंधरा अंगठ्याची. मी विजयी मुद्रेने म्हटलं, “झालं बाबा!”

“झालं? म्हणजे बँकेत जायचं नाही?”

“अजिबात नाही.”

बाबा उठले. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढला, घडी केली, कपाटात ठेवला. पेनही ठेवलं. आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि काम तर मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. सर्दी दोन दिवसांत गेली. चेहरा मात्र डिसेंबरपर्यंत उतरलेला. आईने एका रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाबू, तू त्यायचा नोव्हेंबर खाल्ला.”

तेव्हापासून मी या वयाच्या लोकांचं बारकाईने निरीक्षण करू लागलो. माझ्या लक्षात आलं, की ‘ज्येष्ठांना सोबत द्या’ असं सांगणाऱ्या तमाम लोकांचं निदान थोडं चुकतं. सोबत ही त्यांना भिक्षेसारखी वाटते. कोणी मुद्दाम शेजारी येऊन बसलं आणि ‘मग, कसं काय?’ म्हणून प्रेमळ हसलं, की त्यांना आपला रिपोर्ट खराब आल्याची शंका येते. त्यांना निमित्त लागतं. काहीतरी काम, मग ते कितीही फालतू असो, ज्यासाठी घराबाहेर पडता येईल आणि वाटेत चार माणसं ‘अडवतील’. माणसांनी आपल्याला अडवलं पाहिजे, आपण माणसं शोधायला निघालो नाही, हा त्यातला मानाचा भाग.

बाबा औषधाच्या गोळ्या कधी पूर्ण पट्टी घेत नाहीत. अर्धी घेतात. मी महिन्याचा साठा आणून ठेवला, तर म्हणाले, “एवढ्या गोळ्या आणल्या, एवढं जगणं आहे का?” खरं कारण वेगळं होतं. अर्धी पट्टी पाच दिवस पुरते. सहाव्या दिवशी औषधाच्या दुकानात जावं लागतं, आणि त्या दुकानासमोर तलाठीसाहेब बसतात. भाजीचंही तसंच. गुजरीतून एका वेळी एकच भाजी. मिरच्या विसरायच्या. परत जायचं. मिरच्या आणल्यावर कोथिंबीर आठवते. आजची सगळी कामं आजच उरकली तर उद्या काय करायचं, हा विचार व्यवस्थापनशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात आढळत नाही, पण आमच्या भंडाऱ्यातला अख्खा गांधी चौक त्यावर चालतो.

पानठेल्याचं सांगायला हवं. डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी दम दिल्यापासून बाबांनी खर्रा सोडला. पानठेला सोडला नाही. आमच्या भागातला खर्रा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन तो घोट-घोट घोटायचा. वाईट गोष्ट आहे, तोंडाच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. पण घोटायला तीन-चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाला तिथे उभं राहण्यावाचून गत्यंतर नसतं. मग बोलणं होतं. बाबा त्या चार मिनिटांसाठी जातात. पानठेलेवालाही जाणता. त्यांना पाहिलं की वर्तमानपत्र पुढे सरकवतो आणि दुसऱ्याचा खर्रा जरा सावकाश घोटतो.

आता एसटीकडे वळू. निमित्ताची खरी कारखानदारी तिथे आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब एकत्रितपणे वाढला होता. त्याची भरपाई म्हणून की काय, २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. आणि इथे बाबांच्या जन्मतारखेचा घोटाळा आडवा आला.

त्यांची कागदावरची जन्मतारीख १ जुलै १९४८. त्या काळी शाळेत नाव घालताना निम्मी मुलं जून-जुलैच्या एक तारखेलाच जन्मत. आजीच्या हिशेबाने बाबा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले, तेही दोन वर्षं आधी, ज्या साली गावचा मालगुजारी तलाव फुटला त्या साली. हेडमास्तरांनी तलाव ग्राह्य धरला नाही. या कृपेने बाबांना नोकरीची दोन वर्षं जास्त मिळाली आणि आयुष्यभर ते हेडमास्तरांच्या नावाने उदबत्ती लावत आले. पोस्टमास्तरांची तारीख मात्र खरी लिहिलेली. ते बिचारे वेळेवर निवृत्त झाले. त्यांनी त्याचा वचपा काढला २०२२ मध्ये. साकोलीच्या गाडीत दोघं शेजारी बसत, आणि पोस्टमास्तर खणखणीत आवाजात कंडक्टरला विचारत, “माझं किती झालं जी?”

“शून्य.”

“आन् गुरुजींचं?”

गुरुजी निमूट सुटे पैसे मोजत. सरकारची जास्तीची खाल्लेली दोन वर्षं एसटी महामंडळ हप्त्याने वसूल करत होतं. असं दहा महिने चाललं.

१ जुलै २०२३ रोजी बाबा कायद्याने पंचाहत्तर झाले. आम्ही घरी औक्षणाची तयारी केली होती. सत्कारमूर्ती सकाळी सातलाच नाहीसे. दुपारी तीनला परतले, खिशात शून्य रुपयांची दोन तिकिटं.

“कोठी गेलते?” आई.

“तुमसरला.”

“काय काम होतं?”

“तांदूळ पाह्यला.”

“घेतला?”

“घ्यायचा काहून? घरी आहे ना आपल्या शेतातला.”

तेव्हापासून ते केस कापायला साकोलीला जातात. भंडाऱ्यात न्हावी नाहीत असं नाही, पण साकोलीच्या न्हाव्याला त्यांचे कान ‘समजतात’. पवनीला जातात, कारण तिथलं वांगं वेगळं असतं. लाखनीला जातात, कारण तिथे कोणाचा तरी साडू आजारी असतो. साडू आजारी नसेल तर तो बरा झाला का, हे पाहायला जातात. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, तेव्हा मी आईला म्हटलं, तूही जात जा. आई म्हणाली, “अर्ध्या तिकिटात पूर्ण दिवस जाते. भाकरी कोण टाकीन?”

मी एकदा त्यांच्यासोबत मुद्दाम गेलो. भंडाऱ्याहून गाडी सुटली. कारध्याला वैनगंगेचा पूल आला, म्हाताऱ्या बायांनी खिडकीतून हात जोडले. तोवर बाबांच्या शेजारी एक अनोळखी धोतरवाले बसले होते. पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते अनोळखी राहिले, पण त्यापुढे ते टिकणं शक्य नव्हतं.

“कोन्या गावचे जी?”

“लाखांदूरकडले.”

“लाखांदूरकडले म्हणजे कोणाकडले?”

हा प्रश्न आमच्या भागात पोलीस विचारत नाहीत, इतका खोल आहे. यात बाप, आजा, मामाचं गाव, बायकोचं माहेर आणि बांधीचा धुरा कोणाला लागून आहे, एवढं सगळं येतं. गडेगावच्या ट्रकच्या कारखान्यापर्यंत दोघांना एक सामाईक आतेबहीण सापडली. लाखनीला ती आतेबहीण दोघांच्या मते वेगळ्या साली वारली होती, त्यावरून जुंपली. साकोली येईपर्यंत समेट होऊन धोतरवाल्यांच्या नातीसाठी माझ्या भाच्याचं स्थळ निघालं. भाचा बंगळुरूला आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. आम्ही उतरलो. बाबांनी कान कापून घेतले, म्हणजे केस, आणि आम्ही परत आलो.

परतीच्या गाडीत गोंदियाचा विषय निघाला. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा निघाला. पाव शतक उलटलं, पण या पिढीने ती वाटणी मनाने मानलेली नाही. “नवेगावबांध आपलंच,” बाबा म्हणतात, धाकट्या भावाच्या वाटणीत गेलेल्या आमराईबद्दल बोलावं तसं. मागच्या बाकावरचे गृहस्थ गोंदियाचे निघाले. मग काय, गाडीत झोप कोणालाच आली नाही. मुंबई-कोलकाता महामार्गावर झाली तेवढी ज्वलंत सीमाचर्चा नागपूरच्या विधिमंडळात तरी होते का, शंका आहे.

एवढं पाहिल्यावर जगाचं काय चाललंय ते बघावं म्हणून मी वाचू लागलो. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणासाठी एक मंत्री नेमला. २०२१ मध्ये जपाननेही नेमला. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने अहवाल दिला, की जगात दर सहा माणसांतला एक एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, म्हणजे तासाला शंभर. मी हे बाबांना गंभीर आवाजात वाचून दाखवलं.

“जपानचा तो एकटेपणाचा मंत्री,” बाबांनी विचारलं, “त्याच्याकडे अर्ज घेऊन लोकं जात असतील ना?”

“जात असतील.”

“रांग लागत असेल?”

“लागत असेल.”

“मग भागलं की त्यांचं.”

मी पुढे वाचत गेलो आणि एका वाक्याशी माझा आवाज जरा खाली आला. त्या अहवालाप्रमाणे सर्वांत जास्त एकटी आहेत ती म्हातारी माणसं नव्हेत. तेरा ते एकोणतीस वयातल्यांत हे प्रमाण १७ ते २१ टक्के निघालं, किशोरवयीनांत सर्वांत जास्त. बाबांना ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. तिथे त्यांचा नातू कानात बोंडं घालून बसला होता, दार लावून, त्याचं जेवण मागवलेलं येणार होतं, पैसे आधीच गेले होते, आणणाऱ्याला ‘दारात ठेवा’ असं लिहून कळवलं होतं. “आधी तुमची सोय लावा,” बाबा म्हणाले आणि मिरच्या आणायला निघून गेले.

मी हिशेब केला. वीजबिल फोनवर, बँक फोनवर, किराणा दारात. गेल्या पंधरवड्यात ज्याच्याशी काम नाही अशा एकाही अनोळखी माणसाशी मी बोललो नव्हतो. बाबा त्याच पंधरवड्यात तीन सोयरिकी जुळवून दोन मोडून आले होते.

बायकांची तऱ्हा निराळी. आईला निमित्त लागत नाही, कारण तिला कोणी कधी निवृत्त केलंच नाही. तिचं माहेर लाखांदूर तालुक्यात. तिथली माझी मावशी पंचाहत्तरीची, विधवा, अजून रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरते. वाकून पऱ्हे लावणं तिला आता जमत नाही. ती धुऱ्यावर बसून लावणाऱ्यांच्या चुका काढते. बाकीच्या बाया तिला घरून बोलावून नेतात, कारण तिच्याशिवाय गाण्याची पहिली ओळ कोणाला आठवत नाही. दुपारी तिच्या ओट्यावर कोणी तांदूळ निवडायला येतं, कोणी सासूची तक्रार घेऊन, कोणी सुनेची. दोघी एकाच वेळी आल्या, तर मावशी एकीला पाणी आणायला आत पाठवते.

झिंबाब्वेत २००६ पासून एका मानसोपचारतज्ज्ञाने वस्तीतल्या आज्यांना शिकवून लाकडी बाकावर बसवलं आणि मन जड झालेल्या माणसांना त्यांच्याशी बोलायला पाठवलं. त्या ‘मैत्रीच्या बाका’चा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला, गुण आल्याचं दिसलं आणि आता तो इतर देशांतही चाललाय. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, मावशीच्या ओट्याचं पेटंट गेलं. मग वाटलं, तिथल्या आज्यांना ऐकून घ्यायला शिकवलं असणार. मावशी ऐकून घेत नाही. ती निकाल देते.

पण मावशीच्या बाबतीत माझा निमित्ताचा सिद्धांत एका जागी अडतो. तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात, खात्यात. ते जमा झाले का, हे पाहायला ती बँकेत जाते. बँक गावात नाही. नसतील जमा, तर पुन्हा जाते. या फेऱ्या तिची करमणूक नव्हेत. त्या रांगेत इस्त्रीचा शर्ट कोणी घालत नाही. अंगठा तिचाही उमटत नाही, आणि तिथे कोणी हसत नाही.

दिवाळी सरली की मात्र मंडई. भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयाचे मामाही येतात. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक. वडशाच्या मंडळ्यांची नाटकं दहा-अकराला सुरू होतात आणि पहाटे कोंबडा आरवला तरी खलनायक मरत नाही. म्हातारी मंडळी घोंगडी घेऊन संध्याकाळीच पुढची जागा धरतात. मावशी पहिल्या अंकात झोपते, दुसऱ्यात घोरते आणि तिसऱ्यात सुनेचा छळ सुरू झाला की अचूक जागी होऊन खलनायिकेला शिव्या देते. “पूर्ण पाह्यलं,” म्हणून सकाळी सगळ्यांना सांगते. मंडईच्या दोन दिवसांत तिच्या ओट्यावर जेवढे लोक चहा पितात, तेवढे माझ्या लग्नात जेवले नव्हते. वर ती मला विचारते, “तुमच्या भंडाऱ्यात तुम्ही सगळे दारं लावून काय करता?”

दारं लावून आम्ही ग्रुपवर असतो. बाबांच्या वर्गमित्रांचा एक ग्रुप आहे. रोज पहाटे साडेपाचपासून त्यावर सूर्य, गुलाब आणि महादेव उगवतात. मी आधी याला फार हसायचो. एकदा बाबांचं रिचार्ज संपलं. त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं नाही. तीन दिवस त्यांचा गुलाब गेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तलाठीसाहेबांनी ग्रुपवर सावधपणे विचारलं, “गुरुजींबद्दल काही कळलं का?” कोणीतरी नुसतेच जोडलेले हात टाकले. जोडलेले हात हे फार धोक्याचं चिन्ह, त्याचा अर्थ नमस्कारही होतो आणि बाकीचंही. पाच मिनिटांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू झाली. एकाने तर आठवणीही लिहिल्या: गुरुजी कडक होते, पण मनाने चांगले.

नऊ वाजता पोस्टमास्तर धापा टाकत घरी आले. दार बाबांनीच उघडलं.

“तुम्ही गेले ना जी?” पोस्टमास्तर एवढंच बोलू शकले.

दुपारी मी रिचार्ज मारला. बाबांनी ग्रुप उघडून सगळं शांतपणे वाचलं. मग कागद-पेन घेतलं, ते सहीचं पेन, आणि कोणी पूर्ण वाक्य लिहिलं, कोणी नुसते हात टाकले, कोणी काहीच टाकलं नाही, याची यादी केली. ती अजून आहेराच्या वहीत आहे. ऑर्डनन्सवाल्या भाऊसाहेबांचं नाव तिसऱ्या रकान्यात आहे, आणि बाबा त्यांच्याशी तेव्हापासून जरा जपून वागतात. शेवटी बाबांनी ग्रुपवर एकच शब्द लिहिला: “धन्यवाद.” खाली एक गुलाब.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या रिचार्जची तारीख माझ्या फोनमध्ये घालून ठेवली आहे.

यंदा चिवड्याच्या डब्यात कढीपत्ता उरला, तेव्हा सेवा केंद्रातल्या मुलाने आपणहून विचारलं, “काकाजींचं करून द्यायचं का घरीच? डोळे मिचकवून?” मी म्हटलं, त्यांना मोतीबिंदू झालाय. अशी साफ खोटी गोष्ट मी आयुष्यात क्वचित बोललो असेन.

शर्टाला इस्त्री झाली. बूट निघाले. मी सुट्टी टाकून बरोबर गेलो, पायरीवर आमचा नंबर नववा. पोस्टमास्तर होते. बाई होत्या, हातात काठी नवी. तलाठीसाहेबांना त्यांच्या सुनेने गाडीवरून आणून सोडलं. भाऊसाहेब जरा मागे उभे राहिले, बाबांनी त्यांना आपल्या पुढे घेतलं. हजेरी झाली. दोन नावांवर सगळे थांबले आणि मग गुडघ्यांवर आले.

साडेअकराला आत नंबर लागला. काउंटरवरची मुलगी चटपटीत होती. म्हणाली, “आजोबा, हे घरूनही होतं आता, मोबाइलवर. कशाला त्रास घेता?” बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तिला शिकवून ठेवलंय. मी नजर चुकवून यादीत घातली. बाबांनी दहा मिनिटं यादी वाचली, चष्मा पुसला, सही केली. मग खिशातून पासबुक काढलं.

“एवढं छापून द्या जी.”

“मशीन बंद आहे आजोबा. उद्या यावं लागेल.”

मी रागावून काहीतरी बोलणार होतो. वयस्क माणसांना असं दोनदा... पण बाबा केव्हाच वळून पायरीकडे निघाले होते, भरभर, काठी नसल्यासारखे, जी त्यांच्याकडे खरोखरच नाही. पोस्टमास्तर बूट घालत होते.

“मशीन बंद आहे,” बाबांनी त्यांना सांगितलं. “उद्या पुन्हा यावं लागते. तुम्ही साडेआठलेच येता का नवाले?”

“साडेआठ,” पोस्टमास्तर म्हणाले. “उशीर झाला तर नंबर जाते.”